जीसीएसईचं सायन्स : मुलांनी एकमेकांना मदत करावी का?



मे महिना जवळ यायला लागला की इंग्लंडमधल्या मराठी घरांमध्ये एक ठरावीक वातावरण तयार होतं. भारतवारीची तिकिटं जुलैची निघतात, टीव्हीचा आवाज कमी होतो आणि इयर इलेव्हनमधलं लेकरू खोलीचं दार लावून बसतं. दाराआडून मात्र सतत बोलण्याचा आवाज येत असतो. अभ्यास चाललाय की गप्पा, असा प्रश्न आईबाबांना पडतो. कान देऊन ऐकलं तर बऱ्याचदा काहीतरी असं ऐकू येतं: "तो सहा मार्कांचा कसा लिहिलास? मला तीनच पडले."

आम्ही काही आयटीवाले, मूळचे इंजिनिअर, रविवारी मंडळाच्या मराठी शाळेच्या वेळात मोठ्या मुलांच्या सायन्सच्या शंका सोडवायला बसतो. खरं सांगायचं तर आम्ही सोडवतो त्याहून जास्त शंका मुलं एकमेकांच्याच सोडवतात. पालकांशी बोलताना मात्र तीन काळज्या पुन्हा पुन्हा ऐकू येतात. दुसऱ्याला शिकवण्यात आपल्या मुलाचं नुकसान नाही का? ही कॉपी तर नाही ना? आणि दोघांनाही येत नसेल तर दोघंही चुकीचंच शिकतील, त्याचं काय? तिन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून जरा नीट बघू या. इथलं विवेचन इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडची परीक्षा पद्धत वेगळी आहे आणि वेल्सचेही नियम आता बरेच वेगळे झाले आहेत.

आधी परीक्षा समजून घेऊ

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. सायन्सचे मुख्य दोन रस्ते आहेत. कम्बाइंड सायन्स घेतलं तर बायॉलॉजी, केमिस्ट्री आणि फिजिक्स मिळून दोन जीसीएसईंइतकं वजन मिळतं. ट्रिपल घेतलं तर तीन वेगळे जीसीएसई. एक्यूए बोर्डाचं उदाहरण घ्यायचं तर दोन्हीकडे सहा पेपर असतात. कम्बाइंडचा प्रत्येक पेपर सव्वा तासाचा आणि ७० मार्कांचा, ट्रिपलचा पावणेदोन तासांचा आणि १०० मार्कांचा. सायन्समध्ये ९ ते १ ही ग्रेडची पद्धत २०१८ च्या निकालापासून आली.

आपल्या एसएससीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे भाग एक व भाग दोन असे ४०-४० मार्कांचे दोन पेपर असतात. इथला पेपर त्याहून फक्त लांब आहे असं समजू नका, त्याची जातच वेगळी आहे. माहिती आणि समज यांना साधारण ४० टक्के मार्क, ती नव्या परिस्थितीत वापरण्याला ४० टक्के, आणि दिलेल्या आकड्यांवरून, आलेखावरून निष्कर्ष काढण्याला किंवा प्रयोगातले दोष दाखवण्याला २० टक्के. शिवाय किमान १५ टक्के मार्क प्रयोगांवर आधारलेल्या प्रश्नांना असतात. प्रयोग शाळेत वर्षभर करायचे, पण त्यांची परीक्षा लेखी पेपरातच होते. एक्यूएच्या कम्बाइंडमध्ये असे २१ रिक्वायर्ड प्रॅक्टिकल्स आहेत.

म्हणजे नुसतं पाठ करून भागत नाही. फिजिक्सची सूत्रं तर कोविडनंतर पेपरासोबतच छापून देतात. सूत्र समोर असूनही मुलं अडतात, कारण कुठलं सूत्र कुठे लावायचं हे तो कागद सांगत नाही.

"आमच्या मुलाचं काय जाईल?"

ही काळजी आपण भारतातून बरोबर आणली आहे. रुईया-फर्ग्युसनच्या कटऑफ लिस्टा बघत आपली पिढी वाढली. अर्ध्या टक्क्याने ॲडमिशन गेलेली माणसं प्रत्येक कुटुंबात आहेत. तिथे शेजारच्याला एक मार्क जास्त म्हणजे आपला नंबर एकाने खाली, हा हिशोब अगदीच चुकीचा नव्हता.

इथे काय होतं? ग्रेडच्या मर्यादा पेपर झाल्यावर ठरतात, हे खरं आहे. आधीच्या वर्षांचे निकाल, त्या वर्षीच्या मुलांची एकूण तयारी आणि अनुभवी परीक्षकांचं मत हे सगळं बघून बोर्डं त्या ठरवतात आणि ऑफक्वाल ही सरकारी संस्था त्यावर देखरेख करते. पेपर अवघड निघाला तर मर्यादा खाली येते, सोपा निघाला तर वर जाते. म्हणून काही पालक म्हणतात, "बघा, सगळे चांगले लिहायला लागले तर मर्यादा वर जाणारच!"

तर्क बरोबर आहे, पण प्रमाण लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये दरवर्षी या वयाची सहा लाखांहून अधिक मुलं परीक्षेला असतात. तुमच्या मुलीने दोन मैत्रिणींना ऑस्मॉसिस समजावलं म्हणून सहा लाखांच्या हिशोबात काहीच हलत नाही. तिच्या स्वतःच्या उत्तरात मात्र फरक पडतो, कारण समजावताना तिला कळतं की 'पार्शियली परमिएबल मेम्ब्रेन' हे शब्द लिहिल्याशिवाय व्याख्या पुरी होत नाही.

खरी चुरस कुठेच नाही असं आमचं म्हणणं नाही. ग्रामर स्कूलच्या जागा मोजक्या असतात आणि नावाजलेल्या सिक्स्थ फॉर्ममध्येही गर्दी असते. पण सिक्स्थ फॉर्मची अट बहुतेक ठिकाणी 'फिजिक्ससाठी अमुक ग्रेड' अशी आधीच ठरलेली असते. ती ग्रेड तुमच्या मुलालाही मिळाली आणि मित्रालाही मिळाली तर दोघंही अट पूर्ण करतात. विद्या दिल्याने वाढते हे आपण स्नेहसंमेलनाच्या भाषणात आवर्जून म्हणतो. मग तेच घरात म्हणायला का कचरावं?

समजावणाऱ्याला काय मिळतं

एक खरा प्रश्न घेऊ. ॲल्युमिनियमचा एक किलोचा ठोकळा. त्यात ५० वॉटचा हीटर १० मिनिटं चालवला. म्हणजे ५० गुणिले ६००, एकूण ३०,००० जूल ऊर्जा. तापमान ३० अंशांनी वाढलं. विशिष्ट उष्मा काढा. उत्तर आलं १०००. पण पुस्तकात ॲल्युमिनियमचा विशिष्ट उष्मा साधारण ९०० दिलेला असतो. फरक का पडला?

बहुतेक मुलं लिहितात, "उष्णता बाहेर गेली." एक मार्क मिळतो आणि तिथेच गाडी थांबते. आता शेजारी बसलेला मित्र सहज विचारतो, "बाहेर गेली ना? मग आकडा मोठा कसा आला? कमी यायला हवा होता." इथे खरी मजा सुरू होते! पहिला मुलगा विचारात पडतो. मग दोघं मिळून शोधतात: आपण मोजलेली सगळी ऊर्जा ठोकळ्याला मिळाली असती तर तापमान ३३ अंशांहून थोडं जास्त वाढलं असतं. काही ऊर्जा हवेत गेली म्हणून ते ३० च वाढलं. भागाकार लहान आकड्याने झाला, म्हणून उत्तर मोठं आलं. आणि मग उपायही आपोआप सुचतो: ठोकळ्याभोवती उष्णतारोधक गुंडाळा.

हा प्रश्न शिक्षकांनी विचारला असता तर मुलाने मान डोलावली असती. मित्राने विचारला म्हणून तो अडला, आणि अडला म्हणून शिकला. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हीच गोष्ट पद्धत म्हणून वापरली. वर्गात प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचा प्रयत्न करायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. दुसऱ्या वेळी बरोबर उत्तरांचं प्रमाण वाढतं, असं त्यांना दिसलं. ज्याला एखादी गोष्ट नुकतीच समजली आहे त्याला ती का समजत नव्हती हेही आठवत असतं. आमच्यासारख्या, पदवी घेऊन पंधरा वर्षं झालेल्यांना ते आठवत नाही.

आणि ही कल्पना परदेशी आहे असंही नाही. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत थोरला मुलगा धाकट्याकडून धूळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचा. मद्रासमध्ये अनाथाश्रमाच्या शाळेचं काम बघणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने देशी शाळेतल्या मुलांना वाळूत बोटाने लिहिताना पाहिलं. तेच त्याने आपल्या शाळेत सुरू केलं आणि मुलांनाच मुलांना शिकवायला लावलं. १७९७ साली लंडनमध्ये त्याने त्यावर पुस्तिका छापली. पुढे ही 'मद्रास पद्धत' इंग्लंडभरच्या शाळांमध्ये पसरली.

पण गोष्टीचा उत्तरार्धही महत्त्वाचा आहे. ती पद्धत पुढे मागे पडली, कारण मोठी मुलं लहानांकडून नुसती घोकंपट्टी करून घ्यायला लागली. आजही तेच लागू आहे. मुलं एकमेकांना मार्क स्कीममधली वाक्यं म्हणून दाखवत असतील तर तो वेळ वाया गेला. एकमेकांना "का?" विचारत असतील तरच फायदा.

यात आपल्या पालकांना एक सोय आहे. एसएससीतला 'शास्त्रीय कारणे द्या' हा प्रश्न कोण विसरेल? इथल्या पेपरात 'डिस्क्राइब' म्हणजे काय घडतं ते सांगा, आणि 'एक्सप्लेन' म्हणजे शास्त्रीय कारण द्या. हा फरक न कळल्यामुळे हुशार मुलांचेही मार्क जातात. आलेख कसा वर गेला हे सुंदर वर्णन करतात, का गेला ते लिहीतच नाहीत. 'इव्हॅल्युएट' आलं तर दोन्ही बाजू मांडून शेवटी निर्णय द्यायचा. एवढं जरी घरी मराठीत सांगितलं तरी मुलांना नेमकं कळतं.

कॉपीची रेघ कुठे आहे?

इथे मात्र गुळमुळीत बोलून चालणार नाही. परीक्षेआधी मागच्या वर्षांचे उघडपणे उपलब्ध असलेले पेपर मिळून सोडवणं, एकमेकांची उत्तरं तपासणं, चुका दाखवणं हे सगळं रास्त आहे. रेघ ओलांडली जाते ती पुढच्या ठिकाणी.

पहिलं, फुटलेला पेपर. जून २०१९ मध्ये एडेक्सेलच्या ए लेव्हल मॅथ्सच्या पेपरातले काही प्रश्न परीक्षेआधीच सोशल मीडियावर फिरले होते. असं रोज घडत नाही. रोज घडते ती फसवणूक: परीक्षेच्या मोसमात 'उद्याचा पेपर' विकणारी खाती उगवतात, पोरांकडून पैसे घेतात आणि खोटा कागद देतात. पण नियमाच्या दृष्टीने पेपर खरा की खोटा हे दुय्यम आहे, विकत घ्यायचा प्रयत्न करणं हाच गुन्हा धरला जाऊ शकतो. जॉइंट कौन्सिल फॉर क्वालिफिकेशन्सचे नियम सांगतात की असं काही हाती आलं तर ताबडतोब शाळेला कळवा. ग्रुपवर आलेलं पुढे ढकलणं म्हणजे मदत नव्हे. शिक्षा ताकिदीपासून मार्क कापण्यापर्यंत आणि थेट बाद होण्यापर्यंत असते. आणि हो, परीक्षेच्या हॉलमध्ये बंद केलेला मोबाइल खिशात राहिला तरी तो नियमभंगच. दरवर्षी सर्वात जास्त मुलं फोनमुळेच अडकतात.

दुसरं, टाइम झोन. हा खास आपल्यासारख्या पांगलेल्या कुटुंबांचा विषय. मे २०२४ मध्ये आयबीच्या परीक्षेत एका देशात पेपर देऊन बाहेर पडलेल्या काही मुलांनी प्रश्न टाकले आणि जिथे परीक्षा व्हायची होती तिथल्या मुलांपर्यंत ते पोचले. आंतरराष्ट्रीय परीक्षा घेणारी बोर्डं वेगवेगळ्या भागांसाठी वेगळे पेपर काढणं, ठरलेल्या वेळेपर्यंत मुलांना देखरेखीखाली ठेवणं असे उपाय करतातच. पण चुलतभाऊ मस्कतमध्ये आणि बहीण सिंगापूरमध्ये असेल तर "काय आलं होतं गं?" हा प्रश्न प्रेमापोटीही विचारला जाऊ शकतो. मुलांना आधीच सांगून ठेवा: सगळीकडचा पेपर संपेपर्यंत तोंड बंद.

तिसरं ठिकाण शाळेची मॉक परीक्षा. इथे पालकही डोळेझाक करतात. अगदी अलीकडचे पेपर बोर्डं काही महिने फक्त शिक्षकांना देतात आणि अनेक शाळा तेच मॉकला वापरतात. एका शाळेची मॉक आधी झाली आणि प्रश्न दुसऱ्या शाळेतल्या मित्राकडे गेले, तर त्या मित्राची मॉक खोटी ठरते. त्याला वाटतं आपल्याला आठ पडतील, शिक्षकांनाही तसंच वाटतं, आणि कच्चा राहिलेला भाग कुणाच्या लक्षातच येत नाही. ऑगस्टमध्ये लिफाफा उघडला की मग रडारड. मदत म्हणून केलेली ही गोष्ट मित्राला सगळ्यात महाग पडते.

दोघांनाही येत नसेल तर?

ही तिसरी काळजी. हल्ली तिला नवं रूप आलंय: दोघांनाही येत नाही, मग चॅटबॉटला विचारलं, त्याने छान लांबलचक उत्तर दिलं, दोघांनी माना डोलावल्या. उत्तर चुकीचं असेलच असं नाही. पण ते ए लेव्हलचं असू शकतं, दुसऱ्या बोर्डाचं असू शकतं, आणि चूक असलं तरी तितक्याच आत्मविश्वासाने लिहिलेलं असतं. आमचा धंदाच सॉफ्टवेअरचा आहे, म्हणून यंत्राला नावं ठेवायची इच्छा नाही. पण आधी स्वतः लिहायचं, मग मित्राला दाखवायचं, मग मार्क स्कीम उघडायची आणि यंत्राला सगळ्यात शेवटी विचारायचं, हा क्रम पाळला तर बरंच निभावतं. मार्क स्कीम आणि अभ्यासक्रम आपल्याच बोर्डाचा आहे ना, हे मात्र बघा. तरीही वाद मिटला नाही तर प्रश्न कागदावर लिहून शिक्षकांकडे न्यायचा. इथले शिक्षक अशा नेमक्या प्रश्नाने खूश होतात.

मंडळाने यात का पडावं

सगळ्या मुलांची शाळा सारखी नसते, हे यामागचं खरं कारण. फिजिक्सच्या शिक्षकांची टंचाई इथे जुनी आहे. २०२३-२४ मध्ये फिजिक्सच्या शिक्षक-प्रशिक्षणाला सरकारी उद्दिष्टाच्या जेमतेम १७ टक्के उमेदवार आले होते. नंतर आकडा सुधारला, पण ती उणीव वर्गात भरून निघायला वेळ लागतो. इंग्लंडमधल्या साधारण पाव सरकारी शाळांमध्ये फिजिक्सचा खास शिक्षकच नाही, असं इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सने २०२५ मध्ये सांगितलं. प्राध्यापक बेकी फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासक्रम समितीचा अंतिम अहवाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. जीसीएसई परीक्षांचा एकूण वेळ सुमारे दहा टक्क्यांनी कमी करावा, अशी त्यात शिफारस आहे. ट्रिपल सायन्स हवं असलेल्या प्रत्येक मुलाला ते घेता यावं, ही दिशाही सरकारने मान्य केली. चांगलं आहे. पण हक्क कागदावर मिळाला तरी शिकवायला माणूस लागतो, आणि आत्ता इयर टेनमध्ये असलेलं मूल तोवर थांबणार नाही.

त्यातही एक मूल आमच्या डोळ्यांसमोर नेहमी येतं. आईवडिलांपैकी एकाला इथे नोकरी मिळाली आणि इयर नाइन-टेनच्या मध्येच पुण्या-नागपुराहून आलेलं मूल. गणितं चटाचट सोडवतं, रासायनिक समीकरणं डोळे मिटून जुळवतं. पण बटाट्याच्या फोडींच्या प्रयोगात वजनातला फरक टक्क्यांत का काढायचा असं विचारलं की गप्प बसतं. सुरुवातीची वजनं सारखी नव्हती म्हणून, एवढं साधं उत्तर असतं. त्याला 'परासरण' पक्कं येत असतं, पण तेच ऑस्मॉसिस आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याच टेबलावर इथेच जन्मलेली मुलगी असते. तिला प्रयोगाची भाषा तोंडपाठ, पण सूत्राची मांडणी उलटसुलट करताना घाम फुटतो. ही दोघं शाळेत कधीच भेटणार नाहीत, कारण त्यांच्या शाळाच वेगळ्या आहेत. मंडळात भेटू शकतात. गणपती आणि दिवाळीला भेटतातच!

म्हणून आमच्या मंडळापुढे आम्ही तीन साध्या गोष्टी ठेवल्या आहेत. मराठी शाळेच्या वेळात एक टेबल इयर टेन-इलेव्हनच्या मुलांसाठी राखून ठेवायचं. सिक्स्थ फॉर्ममधली एक-दोन मुलं तिथे बसवायची, आम्ही मोठे फक्त वाद मिटवायला. आणि नियम एकच: उत्तर सांगायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा.

पालकांनाही एक काम आहे. आपल्याला इथला अभ्यासक्रम येत नाही म्हणून मागे हटू नका. मुलाला म्हणा, "मला समजेल असं सांग." आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांनाही बसवा. त्यांच्यासाठी मुलाला मराठीत सांगावं लागेल, शब्द शोधावे लागतील, आणि कुठे अडलं ते त्याचं त्यालाच कळेल. जाता जाता मराठीचाही सराव होईल, हा वरचा नफा.

तुमच्या गावातल्या मंडळात असं काही चालतं का? काय जमलं, काय फसलं? जरूर कळवा. आणि इयर इलेव्हनच्या सगळ्या मुलामुलींना मनापासून शुभेच्छा!